दिवा लागल्यानंतरचा केर

एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही दोघी कोळी बघायला हिमालयात जाऊन आलो. पनवेलमध्ये ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने मला एकच उत्तर दिलं. भाजीवाल्याने दिलं, मेडिकलवाल्याने दिलं, आणि आमच्या ह्यांनी तर सगळ्यांच्या आधी दिलं, की त्यासाठी एवढ्या लांब कशाला, आरशात बघ. आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यातले, जातीचे कोळी. त्यामुळे हा विनोद मी निघेपर्यंत निदान वीस वेळा ऐकला आणि वीसही वेळा हसले, कारण न हसणाऱ्या बाईला पुन्हा समजावून सांगतात.

मी नेऱ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. कोळ्याचा धडा आला की फळ्यावर एक गोल काढायचा, त्यात आरे, मधोमध आठ पायांचा ठिपका, आणि खाली लिहायचं ‘कोळी हा कीटक नाही’. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला या विषयातली जाणकार समजत होते. माझी मुलगी मुक्ता मात्र गेली दोन वर्षं हिमाचलमधल्या देवदारांच्या जंगलात राहून कोळ्यांवर पीएचडी करते आहे. तिचे कोळी गोल जाळं करतच नाहीत. ते चादर विणतात. ती दर फोनवर म्हणायची, आई, एकदा ये आणि बघ. या वेळी म्हणाली, "आता नाही आलीस तर राहिलंच. मेच्या पहिल्या आठवड्यात माझी इथली परवानगी संपते."

ह्यांनी गुडघा पुढे केला. मग मी माझ्या नणंदेला विचारलं. वेणूताई ह्यांची थोरली बहीण, उरणजवळ करंजाला दिलेली. चाळीस वर्षं मासळी विकली, वाळवली, निवडली. एप्रिल म्हणजे त्यांच्या कामाचे दिवस. पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्यासाठी सुकी मासळी भरून ठेवायची आगोट चाललेली. मला वाटलं, नाहीच म्हणतील. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"तिकरं बरफ हाय?"

हाय, म्हटलं.

"मंग चल."

प्रवासाचं काय सांगायचं! पनवेलला गाडीत बसलो, चंदीगडला उतरलो, पुढे जीपने दिवसभर डोंगर चढलो. सांगण्यासारखी गोष्ट एकच. वेणूताईंनी भाचीसाठी दोन किलो सुका जवळा घेतला होता. जवळा म्हणजे भाताच्या शितापेक्षा जरा मोठी, उन्हात वाळवलेली कोळंबी. चार पिशव्यांत बांधलेला, वर टॉवेल, वर साडी. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी फार अदबीने विचारलं, की सीटखाली काही मेलं तर नाहीये ना. वेणूताई म्हणाल्या, मेलंय, पण आम्हीच बरोबर घेतलंय. जीपवाल्याने तर थंडीत सगळ्या काचा उघड्या ठेवून गाडी चालवली आणि आम्ही मात्र ताज्या हवेचं कौतुक करत बसलो.

विमलाचं घर

मुक्ता ज्या घरी राहते ते गावाच्या टोकाला आहे. खाली दगड, वर लाकूड, खालच्या मजल्यावर गाय आणि वरच्या मजल्यावर माणसं. घरधनीण विमला माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेली आणि गालांवर मला हेवा वाटेल असा तांबूसपणा. तिचा नवरा सफरचंदांच्या झाडांमागे दिवसभर बाहेर. घराच्या मागून दहा पावलांवर देवदार सुरू होतात. एवढे उंच, की पहिल्यांदा शेंडा बघताना माझ्या डोक्यावरची शाल खाली पडली.

वेणूताईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या बर्फाची चौकशी केली. मुक्ताने समोर बोट दाखवलं. दोन डोंगरांच्या पलीकडे एक पांढरी कड चमकत होती. वेणूताईंनी ती नीट पाहून घेतली. "यो तं लांब हाय," म्हणाल्या आणि चहा प्यायला आत गेल्या. फसवणूक झाली असं त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, पण पुढचे दोन दिवस त्या डोंगराकडे बघतानाचा चेहरा तसाच होता.

विमलाने पहिल्या रात्री सिड्डू केले. गव्हाचं आंबवलेलं पीठ, आत अक्रोडाचं सारण, वाफेवर उकडायचं आणि वर पळीभर तूप. उकडीच्या मोदकाचा हा थोरला भाऊ, फक्त गूळ विसरलेला. मी चार खाल्ले. विमलाच्या घरात बायकांनी आधी जेवायचं की मागून हा प्रश्नच नाही. सगळे लोखंडी शेगडीभोवती पाट टाकून बसतात आणि ज्याचं ताट रिकामं दिसेल त्यात वाढतात. शेगडीला बुखारी म्हणतात. तिची नळी छपरातून बाहेर काढलेली असते. घरातला कागद, काटक्या, केर, सगळं तिच्यात जातं. मला ही व्यवस्था फार आवडली. पुढे ती मला चांगलीच महागात पडता पडता राहिली.

दुसऱ्या दिवशी वेणूताईंनी परतफेड म्हणून जवळा करायला घेतला. विमलाकडून सूप मागून घेतलं, ओसरीवर उन्हात बसल्या आणि निवडायला लागल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना जवळा निवडताना बघते आहे, पण तिथे परक्या अंगणात बघताना पहिल्यांदा नीट पाहिलं. मूठभर जवळा सुपावर पसरायचा, सूप नुसतं हलवायचं, आणि मग बोटं आपोआप जातात. इवलासा खेकडा, गवताची काडी, माशाचं डोकं, शिंपल्याची कपची. बोलणं चालूच असतं. विमला शेजारी येऊन बसली. तिने दोन मिनिटं प्रयत्न केला आणि हसून हात काढून घेतला. तिला सगळं सारखंच दिसत होतं. मलाही सारखंच दिसतं, हे मी तिथे कबूल केलं नाही.

जवळ्याला फोडणी पडल्यावर विमलाचा नवरा बाग बघायला म्हणून जो गेला तो दोन तासांनी आला. विमलाने मात्र भाताबरोबर दोनदा घेतला. त्यांच्या मांजराने पुढचे दिवस वेणूताईंचा पदर सोडला नाही.

चादरींच्या जंगलात

तिसऱ्या दिवशी पहाटे मुक्ता आम्हाला जंगलात घेऊन गेली. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, की ऊन वर आलं तर काही दिसणार नाही, दव असतानाच बघायचं.

मी आजवर पाहिलेला सर्वांत मोठा कोळी कर्नाळ्याचा. शाळेची सहल नेली की वाटेवर दोन झाडांच्या मधे त्याचं पिवळसर चमकणारं जाळं असायचं, मधोमध तळहाताएवढा कोळी, आणि चाळीस मुलं एकदम किंचाळायची. तसलं काहीतरी असणार म्हणून मी मान वर करून चालत होते. मुक्ताने मला थांबवलं आणि खाली बघायला लावलं.

देवदाराच्या खालच्या फांद्यांवर, हात पुरेल एवढ्या उंचीवर, चादरी टाकल्या होत्या. रुमालाएवढ्या, ओढणीच्या टोकाएवढ्या. आडव्या, जरा मधोमध फुगलेल्या, दवाने पांढऱ्या झालेल्या. एक दिसली आणि मग दिसतच गेल्या. या फांदीवर तीन, त्या फांदीवर पाच, पार उतारापर्यंत. मला शाळेतला माझा फळा आठवला आणि मनापासून लाज वाटली. तीस वर्षं मी एकच गोल काढत होते.

"कोळी कुठंय?" मी विचारलं.

"खाली वाक."

तो चादरीच्या वर नव्हता, खालून लटकला होता, पोट वर आणि पाठ जमिनीकडे करून. तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठा, तपकिरी, पाठीवर पानासारखी नक्षी. मुक्ता म्हणाली, याच्या अख्ख्या गटाचं नाव परदेशातल्या कुणीतरी ठेवलेलं आहे, लांबलचक आहे, पण अर्थ साधा आहे, पाइनच्या झाडावरचा विणकर.

वेणूताई मात्र विणकामच तपासत होत्या. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि नाक जाळ्याला लागेल इतक्या जवळ गेल्या. चादरीच्या वर हवेत आडवेतिडवे बरेच धागे ओढलेले होते, मला वाटलं ते अर्धवट सोडून दिलेलं काम. वेणूताई म्हणाल्या, अर्धवट नाही. वरचे धागे अडवायला आणि खालची चादर झेलायला. उडता किडा वरच्या धाग्यांना धडकतो, खाली चादरीवर पडतो, आणि हा खालून चादरीतूनच त्याला धरतो. मुक्ता तोंड उघडं टाकून बघत राहिली. हे तिने पुस्तकातून शिकलेलं होतं.

"गाठ नाय कुठं," वेणूताई शेवटी म्हणाल्या. "बिनगाठीचा जाला. आमच्याकरं कोन घेनार नाय." पण हे म्हणताना त्यांनी चादरीच्या कडेला बोट लावलं नाही. दुसऱ्याच्या जाळ्याला आपण हात लावत नाही.

परतताना मुक्ताने तिची खरी अडचण सांगितली. तिला इथल्या कोळ्यांचा हा प्रकार नवा असावा असा संशय आहे, पण नुसता संशय चालत नाही. दोन वर्षांत तिला माद्याच मिळाल्या. आणि या बारीक कोळ्यांची जात ठरते ती नरावरून. नराच्या तोंडापाशी दोन आखूड हात असतात, त्यांच्या टोकाला बोंडासारखी गाठ. त्या बोंडांची घडण प्रत्येक जातीची वेगळी, जशी ज्या त्या कुलपाची किल्ली. पण ती घडण दिसते केवळ वयात आलेल्या नरात, शेवटची कात टाकल्यावर. नर थोडे, तेवढ्या अवस्थेला पोचणारे आणखी थोडे. तिने दोन कच्चे नर डबीत ठेवून बघितले होते. दोन्ही कात टाकण्याआधीच मेले.

"आता एकच आहे," मुक्ता म्हणाली. "जवळच आहे, लाकडांपाशी. बोंडं फुगली आहेत. आठवड्याभरात कात टाकेल. मी त्याला हलवलंच नाही, त्याच्या जाळ्यातच ठेवलाय. उद्या दाखवते."

नाही मिळाला तर, मी विचारलं. तर प्रबंधात ‘ओळख पटली नाही’ असं लिहून पुढे जायचं, ती म्हणाली. ते तिने इतक्या सहज म्हटलं, की आईला कळावं.

लाकडांपाशी म्हणजे जंगलात ओंडके रचलेले असतात तिथे, असं मी समजले. पुढचं रामायण एवढ्या एका समजुतीवर घडलं.

मागची पडवी

चौथ्या दिवशी मुक्ता वरच्या जंगलात गेली, संध्याकाळी येते म्हणाली. वेणूताई विमलाला भाकरी थापायला शिकवत होत्या. मला कोणी काही करू देत नव्हतं. विमलाला काही विचारलं की ती एकच वाक्य म्हणायची, "आप तो मेहमान हैं, दीदी." आता बसून आयतं खाणं आमच्याकडे आजाऱ्यांना जमतं, मला जमत नाही. संध्याकाळी मी घराच्या मागे गेले. तिथे एक पडवी आहे, जळणाची लाकडं भिंतीला लावून रचलेली, आणि तिथली जळमटं बघून माझा जीवच गेला. छपरापासून लाकडांपर्यंत जिकडे तिकडे जळमटं! विमला बिचारी एकटी काय काय करणार. म्हटलं, हे आपलं काम.

आदल्या पहाटे ज्याच्यापुढे मी दहा मिनिटं वाकून उभी होते, तेच हे. पण जंगलात असतं ते जाळं आणि घरात असतं ते जळमट. हा फरक आपल्या हाताला माहीत असतो, तो डोक्याला विचारायला जात नाही.

गवती झाडू घेतला, पदर खोचला आणि वरून सुरुवात केली. एका खांबाला तांबडी लोकर बांधलेली होती. मला वाटलं, यांच्या देवाची असणार, नवसाची वगैरे. मी त्या लोकरीला नमस्कार केला, तिला झाडू लागणार नाही अशी काळजी घेतली, आणि तिच्या शेजारचं जळमट स्वच्छ काढलं. अर्ध्या तासात पडवी लख्ख झाली. खाली जळमटं, भुसा, लाकडाच्या साली, देवदाराच्या सुया यांचा चांगला टोपलीभर ढीग. तो पत्र्याच्या सुपलीत भरून मी बुखारीकडे निघाले. आणि नेमका त्याच वेळी विमलाने दिवा लावला.

आतून वेणूताईंचा आवाज आला. "सुमन, दिवा लागलाय. आता केर भायेर टाकू नको."

मी म्हटलं, बाहेर कुठे टाकतेय, शेगडीत टाकतेय. त्या म्हणाल्या, शेगडीत टाकणं तर त्याहून वाईट. मी म्हटलं, वेणूताई, मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की दिवेलागणीनंतर केर टाकला म्हणून लक्ष्मी जात नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या मुलांची गेली असेल. हा वाद आमच्यात गेली पस्तीस वर्षं चालू आहे आणि त्यात मी अजून एकदाही जिंकलेले नाही. विमलाने मधे पडून विचारलं काय झालं, आणि ऐकल्यावर ती वेणूताईंच्या बाजूने गेली. त्यांच्याकडेही म्हणे जुनी माणसं तेच सांगतात. दोघींपुढे मी काय बोलणार. केर पडवीच्या कोपऱ्यात ओतला आणि मांजर उकरेल म्हणून त्यावर एक मोठी परात पालथी घातली. रागारागात घातली, हेही सांगते.

मुक्ता आली ती थेट मागे गेली. मी कौतुकाची वाट बघत तिच्या मागोमाग. तिने विजेरी खांबावर लावली, लोकरीवर लावली, लोकरीच्या शेजारी लावली. मग लाकडांवर लावली. मग परत लोकरीच्या शेजारी.

"आई, इथलं जाळं?"

मी म्हणाले, जळमटं होती, काढली. बोलता बोलताच माझी नजर भिंतीला लावलेल्या जळणाकडे गेली. लाकडांपाशी. ही लाकडं.

"लोकर मी बांधली होती," मुक्ता म्हणाली. "खूण म्हणून. माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या संपल्या होत्या."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती तिथेच लाकडावर बसली आणि विजेरी बंद केली. दोन वर्षं ही पोर थंडीत, पावसात, एकटी या झाडांखाली वाकत होती, आणि मी, तिची आई, विज्ञानाची शिक्षिका, लोकरीला नमस्कार करून तिचं काम झाडून काढलं होतं.

वेणूताई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्यांनी एवढंच विचारलं, की तो मेला असेल का. मुक्ता म्हणाली, माहीत नाही, धक्का बसला की ते धागा सोडून खाली पडतात, पण केर तर गेला असेल शेगडीत.

"केर हाय," वेणूताई म्हणाल्या. "परातीखाली हाय."

मुक्ता उठलीच. पण वेणूताईंनी तिला परातीला हात लावू दिला नाही. दिव्याच्या उजेडात जवळा निवडत नाहीत, सावल्या पडतात, बोटाखाली काय चिरडलं ते कळत नाही. सकाळी उन्हात बघू, म्हणाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या खोलीत फक्त वेणूताई घोरत होत्या.

सकाळी ऊन ओसरीवर आल्याबरोबर त्यांनी विमलाकडून धुतलेला पांढरा अभ्रा मागितला आणि सुपावर ताणून बसवला. मांजराला आत कोंडलं. मला चार हात लांब बसवलं, का ते विचारायची माझी छाती झाली नाही. केर एकदम नाही, चिमूटभर चिमूटभर घ्यायचा. अभ्र्यावर पसरायचा. सूप हलवायचं नाही, नुसती वाट बघायची. त्या म्हणाल्या, मेलेलं पडून राहील, जितं असेल ते सावली शोधेल. मुक्ता शेजारी बारीक कुंचला आणि डबी घेऊन. देवदाराची सुई बाजूला, साल बाजूला, भुसा बाजूला. एक मादी निघाली, जिवंत. मग दोन मेलेल्या. मग कुठल्यातरी भलत्याच कोळ्याची काळी पिल्लं. तास गेला. ढीग निम्मा झाला. मी केराकडे बघून मनातल्या मनात त्या लोकरीच्या देवालाच विनवत होते, तो अस्तित्वात नाही हे पुरतं माहीत असून.

वेणूताई विमलाला बोंबलांचे भाव सांगत होत्या. वाक्य अर्धवट राहिलं. त्यांचं बोट एका सालीच्या कपचीशेजारी थांबलं, टेकलं नाही.

"बाय, यो बग तुझा पोर. डोले मोठे कर. हाताला बोंडा हायेत त्याच्या."

मुक्ताने भिंग लावलं. किती वेळ लावलं कोण जाणे. मग ती भिंग न काढताच रडायला लागली, आणि मग आम्ही सगळ्याच.

एक पाय तुटला होता. डावीकडचा तिसरा. तो माझ्या झाडूचा. मुक्ता म्हणाली, पायाचं काही नाही, बोंडं शाबूत आहेत. पण तो सात पायांवर डबीत चढताना मी पाहिला आणि मनोमन त्याची क्षमा मागितली.

सोयरीक

यंदा डबीचा धोका नको म्हणून मुक्ताने खोक्यात देवदाराची फांदी उभी करून त्याला घर करून दिलं. त्याने दुसऱ्या दिवशी वेडीवाकडी का होईना, चादर विणली. तिसऱ्या दिवशी सकाळी चादरीखाली एक पारदर्शक झगा लोंबत होता, सात पायांचा, आणि शेजारी तो, ओलसर, फिकट, वयात आलेला. मुक्ताने आम्हाला सूक्ष्मदर्शकातून त्याचं बोंड दाखवलं. मला शंखासारखं काहीतरी दिसलं, वळणं, आकडे, एक लांब वळलेला केस. एवढ्याशा जिवाला एवढी कारागिरी कशाला, असं मी म्हणाले. वेणूताई म्हणाल्या, लग्नाची वस्तू आहे, कारागिरी असणारच.

मग त्यांना कळलं की आता त्याला मद्यार्काच्या बाटलीत घालायचं. मासळी विकणारी बाई, मरणाचं त्यांना अप्रूप नाही. पण त्या खोक्यापुढे उभ्या राहिल्या.

"असा कवारा घालशील त्याला?"

मुक्ता हसली. मग विचारात पडली. केरातून निघालेली ती जिवंत मादी होतीच. त्यांचं मीलन बघायला मिळालं तर तेही लिहून ठेवता येईल, आजवर कुणी पाहिलेलं नाही, असं म्हणून तिने नराला मादीच्या चादरीवर सोडलं. तो कडेला थांबला आणि चादर हळूच हलवू लागला. थोडा थांबे, पुन्हा हलवी. मुक्ता म्हणाली, परवानगी मागतोय. विमलाने नवऱ्याला बोलावून हे मुद्दाम दाखवलं.

तीन तास सगळं यथासांग चाललं आणि मुक्ताने वही भरून टिपणं काढली. मादीला आम्ही लोकरीच्या खांबापाशी सोडून आलो. विमलाने आपण होऊन कबूल केलं की ती पडवी आता कुणी झाडणार नाही. नर बाटलीत गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाटलीत बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी घालायची असते. जागा, तारीख, कुठे सापडला, कुणी गोळा केला. मुक्ताने शाईच्या बारीक पेनाने इंग्रजीत लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. कुठे सापडला, तर ‘घरातल्या केरात’. कुणी गोळा केला, तर वेणू, करंजा, उरण. वेणूताईंनी चिठ्ठी हातात घेतली, त्यांना वाचता येत नाही ती भाषा, पण बराच वेळ धरून ठेवली. अशी चिठ्ठी शंभर वर्षं राहते, मुक्ता म्हणाली. मी विचारलं, माझं नाव कुठेच नाही का. तिने सांगितलं, तुझी सही आहे की, डावीकडचा तिसरा पाय.

पनवेल

परत आलो तेव्हा घामाने जीव नकोसा झाला होता आणि ह्यांनी घरात कुठेही झाडू न फिरवता आमचं स्वागत केलं. मागच्या गॅलरीत, पाण्याच्या पाइपमागे एक जाळं होतं. माझा हात झाडूकडे गेला, मग मी चष्मा आणला. ते जाळं अजून तिथेच आहे, आणि आमच्याकडे येणारे लोक मला आळशी समजतात.

गेल्या आठवड्यात मुक्ताचा फोन आला. वेणूताई आलेल्याच होत्या, फोन मोठ्याने लावला. तिने आतापर्यंत जगभरातली चित्रं आणि वर्णनं ताडून पाहिली होती.

"आई, कुणाशीच जुळत नाही."

शाळेत तीस वर्षं ‘उत्तर जुळत नाही’ म्हणजे वाईट बातमी. ही इतकी चांगली बातमी आहे हे कळायला मला एक क्षण लागला. अजून मोठ्या तज्ज्ञांनी बघायचंय, लेख लिहायचाय, वर्ष जाईल, असं ती सांगत होती, पण आवाज हसत होता. पण बहुधा नवीन. आजवर कुणी नाव न दिलेला.

"म्हंजे बारसा व्हयाचा हाय," वेणूताई म्हणाल्या.

मुक्ता म्हणाली, हो, नाव मलाच सुचवायचंय.

"तुला कशी? बारशाला नाव आत्या ठेवते. तुजा बी मीच ठेवलेला."

तेही खरंच. मुक्ताच्या पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगणाऱ्या वेणूताईच होत्या. मुक्ता फोनवर हसत सुटली. म्हणाली, आत्या, ठेव तूच, पण सांगणार कशात? कोळ्याला कान नसतात. त्याला जे काही ऐकू येतं ते पायांवरच्या केसांनी.

वेणूताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग फोनकडे.

"मंग पायात सांगीन," म्हणाल्या. "सात हायेत ना अजून."